उसवलेली डावी बाजू

कॉव्हेंट्री शहराचं नाव जगात झालं ते एका उघड्या बाईमुळं. फार जुन्या काळी तिथल्या सरदाराच्या बायकोनं, लोकांवरचा कर उठावा म्हणून, अंगावर चिंधी न ठेवता घोड्यावरनं गावात फेरी मारली असं सांगतात. खरं-खोटं कुणाला ठाऊक. चौकात तिचा पुतळा आहे आणि त्याच्यावर कबुतरं बसतात. त्याच शहरात दादासाहेब बनसोडे यांनी बत्तीस वर्षं बायकांची अंगं झाकायचं काम केलं. फोलशिल रोडवर त्यांचं दुकान होतं. पंजाबी ड्रेस, साडीचे ब्लाउज, गोऱ्यांच्या पँटी आखूड करणं, जे येईल ते. पुतळा त्यांच्या बसच्या वाटेवर. बायको विमलाबाई चेष्टेनं म्हणायच्या, "हितं एक गिऱ्हाईक तुमच्या हातनं सुटलं बगा."

दादासाहेब जत तालुक्यातले. तिथं पाऊस पाव्हण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. वयाच्या चौदाव्या वर्षी ते बाजारपेठेतल्या गुलाब मास्तरांच्या दुकानात बसले. मास्तर चोळीचे. खणाची, पाठ झाकणारी, पुढं गाठ मारायची चोळी. खण म्हणजे हातभर रुंदीचा तुकडा. त्यात एका बाईची चोळी बसवायची आणि चिंधी उरू द्यायची नाही, ही कसोटी. कापड कमी पडलंच तर जोड काखेत घालायचा. काख कोण बघतंय.

गावातल्या बायका आपली चोळी बौद्धवाड्यातल्या पोराकडं टाकायच्या नाहीत. त्या गुलाब मास्तरांकडं टाकायच्या आणि मास्तर ती मागच्या खोलीत दादासाहेबांकडं टाकायचे. सगळ्या गावाला ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. अंगात नीट बसली की जात दिसत नाही.

बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. बाई दुकानात यायचीच नाही. घरातनं एक जुनी चोळी फडक्यात गुंडाळून यायची, तिला मापाची चोळी म्हणायचे. तीच शिंप्याची टेप आणि तीच त्याची बातमी. कुठं घाम मुरलाय, कुठं दुधाचा डाग वाळलाय, कुठली शिवण दोनदा सैल केलीय, हे बघून कुणाला दिवस गेलेत ते शिंप्याला सुईणीच्या आधी कळायचं. मास्तरांनी शिकवलेलं असं, की मापाची चोळी आली की तिची डावी बाजू उसवायची. उजवा हात राबतो म्हणून उजवी बाजू ताणलेली असते, ती खोटं सांगते. डावी खरं सांगते. उसवलेले तुकडे खाकी कागदावर ठेवून बेत काढायचा आणि मग ती बाजू परत शिवून, सैल पडलेले टाकेही घट्ट करून, नव्या चोळीबरोबर जुनी परत धाडायची. उसवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या घरी गेली तर मास्तर तोंडात पान असलं तरी शिव्या द्यायचे. आणखी एक त्यांचा दंडक होता. परत शिवताना दोरा दुसऱ्या रंगाचा घ्यायचा.

"फुडच्या शिंप्याला कळाय पायजे," मास्तर म्हणायचे, "की हितं कुणीतरी हात घातला हुता. न्हाईतर ती चोरी."

हे सगळं दादासाहेब बरोबर घेऊन आले. विमलाबाई मिरजेत नर्सिंग शिकलेल्या. एकोणऐंशी साली त्या इथल्या हॉस्पिटलात लागल्या, दोन वर्षांनी दादासाहेब मागनं आले. नर्सबाईचा नवरा म्हणून चार वर्षं ओळखले गेले, मग दुकान टाकलं. मुलगा इंद्रजित इंजिनियर होऊन मँचेस्टरला गेला. सतरा साली दादासाहेबांनी दुकान बंद केलं आणि घरात बसून पडद्यांच्या कडा दुमडू लागले. सहा वर्षांत घरातला एकही पडदा दुमडायचा राहिला नाही.

चैत्राली त्यांना भेटली ती ब्लाउज सैल करून घ्यायला घरी आली तेव्हा. पुण्याची पोरगी, तिशीतली, मँचेस्टरला म्युझियमचं शिकून कॉव्हेंट्रीबाहेरच्या एका जुन्या हवेलीत कामाला लागलेली. हवेली आता संग्रहालय आहे. तिथं जुने कपडे आहेत आणि ते सांभाळायचं काम तिचं. दादासाहेबांनी टेप न लावता, तिचा जुना ब्लाउज टेबलावर पसरून, बोटानं चाचपून माप घेतलं. ती बघत राहिली. पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, "काका, आमच्याकडे व्हॉलंटियर म्हणून याल का? पगार नाही, पण चहा आहे."

"बिस्कीट?"

"बिस्कीटही आहे."

दादासाहेब मंगळवार आणि गुरुवार जाऊ लागले.

काम नाटकासारखं होतं. हवेली बघायला येणाऱ्या लोकांना जुन्या काळचा घाट दाखवायला गाइडबाया जुन्या तऱ्हेचे कपडे घालून हिंडायच्या. ते कपडे नवे शिवलेले असत, जुन्यांची नक्कल. संग्रहालयाच्या कपाटात एक बॉडीस, म्हणजे तिकडची अंगाबरोबरची चोळी, होती. साधारण दोनशे चाळीस वर्षांमागची, दूधदुभत्याच्या कामावरच्या कुठल्या तरी मोलकरणीची. वरनं तपकिरी लोकरीचं कापड, आतनं जाड तागाचं अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये वाळक्या गवताच्या काड्या, छाती-पोट ताठ राहावं म्हणून. पुढच्या दोन्ही काठांना भोकं, त्यातनं नाडी ओवायची. राण्यांच्या आणि सरदारणींच्या बॉडिसा जगात ढिगानं आहेत, पण राबणाऱ्या बाईच्या अंगावरची फार थोडी राहिली, कारण ती अंगावरच फाटते. म्हणून हिला मोल होतं. ती कपाटात पांढऱ्या कागदावर निजलेली असायची आणि तिला हातमोजे घालून उचलायचं.

हिची नक्कल करायची होती. चैत्रालीनं वरनं मापं घेतली होती, पण आत काय जोडलंय ते अस्तरामुळं दिसत नव्हतं. जूनमधल्या एका मंगळवारी तिनं बॉडीस टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "काका, याचं कटिंग कसं असेल ते तुम्ही सांगू शकाल का? जरा बघून काढा."

तेवढ्यात खाली गाडी आली. खोकी उतरवून घ्यायला माणूस नव्हता. चैत्राली जिन्याकडं जाता जाता म्हणाली, "दहा मिनिटांत येते. ग्लोव्हज घाला हं."

ती पाऊण तासानं आली.

तोवर दादासाहेबांनी ग्लोव्हज घातले होते, चष्मा पुसला होता आणि डावी बाजू उसवली होती. खांदा, काख आणि कमरेपर्यंतची शिवण. ब्लेड लावलं नव्हतं. सुईच्या टोकानं एकेक टाका उचलून अख्खा दोरा ओढून काढला होता आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवला होता. खाकी कागदावर चार तुकड्यांच्या आकृत्या झाल्या होत्या. पाचवी काढत होते.

चैत्राली दारात थांबली.

"ये, बघ," दादासाहेब म्हणाले. त्यांना बरं वाटत होतं, बऱ्याच वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं. "कापड वरनं तपकिरी दिसतंय न्हवं? हितं आत बघ, दुमडीत. जांभळं हाय. ऊन लागलंच न्हाई तिथं. आन् ही काख बघ. तीन जोड घातल्यात. एक तर दुसऱ्याच कापडाचा, पट्ट्यापट्ट्याचा. कापड पुरलं न्हाई त्याला. पण डोकं बघ, सगळे जोड काखेत घातलं. आमच्या मास्तरांनी केलं आसतं तर आसंच केलं आसतं."

"काका, तुम्ही हे उसवलंत?"

"डावी बाजू. उजवी तशीच हाय."

"का?"

"का म्हंजे? कटिंग काढा म्हणालीस. न उसवता कटिंग कसं निघंल? पोटावरनं हात फिरवून आतडी मोजता येत्यात व्हय?"

चैत्राली स्टुलावर बसली. 

"काका, ही कुणी उघडायची नसते. कुणीच. फाटली तर फाटलेली ठेवतात. टाका निघाला तर निघालेला ठेवतात. यातला टाका हाच पुरावा असतो. एकदा काढला की गेला."

"गेला कुठं? हा काय." दादासाहेबांनी पुठ्ठा पुढं केला. "कुठं तुटलेला न्हाई. ह्याच दोऱ्यानं, ह्याच भोकांतनं परत घालतो. दहा मिनिटं दे मला."

"नका. प्लीज. हात लावू नका."

दादासाहेबांनी हात मागं घेतले. पन्नास-साठ वर्षांच्या धंद्यात त्यांना कुणी असं म्हटलं नव्हतं.

मग चैत्रालीनं जे सांगितलं ते असं. जुनी वस्तू बाहेर काढली की तिला एकटं सोडायचं नाही, हा पहिला नियम, आणि तो तिनं मोडला होता. तिच्या वरच्या बाई हिलरी लंडनला गेल्या होत्या, गुरुवारी सकाळी येणार होत्या. चैत्रालीचं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरात संपत होतं. ते पुढं वाढवायचं की नाही हे हिलरीच ठरवणार होत्या. कॉन्ट्रॅक्टवर व्हिसा होता. व्हिसा नाही तर पुण्याला परत.

"माझी चूक हाय, तुझी न्हाई," दादासाहेब म्हणाले.

"तुमचं नाव कुठल्याच यादीत नाही, काका. तुम्ही व्हॉलंटियर. नाव माझंच येणार."

तिनं बॉडीस जशी होती तशी, एक बाजू आ वासलेली, पांढऱ्या कागदावर ठेवून कप्पा बंद केला. दादासाहेब बस धरून घरी गेले.

विमलाबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या. चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं? कुणाला बोलला का?"

दादासाहेबांनी सांगितलं. विमलाबाईंनी ऐकता ऐकता अर्धी जुडी संपवली.

"अहो, पण उसवायच्या आधी इचारायचं तरी."

"शिंपी इचारतो व्हय? डॉक्टर इचारतो पोट फाडायच्या आधी?"

"इचारतो. सही घेतो. तुमची मूतखड्याला घेतली हुती, इसरला?"

मूतखड्यावर माणूस वाद घालू शकत नाही.

"ती पोरगी काय म्हणती?" विमलाबाईंनी विचारलं.

"रडली न्हाई. पण नाक लाल झालं."

"मी वॉर्डात हुते तवा एकदा रात्रपाळीच्या पोरीनं एका म्हाताऱ्याला दुसऱ्याच म्हाताऱ्याची गोळी दिली. म्हातारा टणटणीत ऱ्हायला, झोपला निवांत. तिनं फॉर्म भरला. बया, काय बोलणी खाल्ली. दुसऱ्या एकीनं असंच केलं आन् गप बसली. चार म्हयन्यांनी कळलं. तिला काढली. गोळी तीच हुती."

"हितं कुणी मरणार न्हाई."

"म्हणून तर सांगते. फॉर्म भरा."

"आधी शिवू तर दे. उसवलेलं तसंच ठेवून मी झोपू कसा?"

"ते तुमचं तुम्ही बघा," विमलाबाई म्हणाल्या आणि मेथी धुवायला उठल्या.

बुधवारी संध्याकाळी चैत्रालीचा फोन आला. आवाज बदललेला होता, ठरवून टाकल्यासारखा. "काका, उद्या मी आठलाच जाते. तुम्ही पण या. हिलरी साडेनऊच्या आधी येत नाही. तुम्ही म्हणालात ना दहा मिनिटं. शिवून टाका. तोच दोरा, तीच भोकं. कुणाला कळणार नाही."

"येतो," दादासाहेब म्हणाले. त्यांना हलकं वाटलं. फोन ठेवून त्यांनी सुईची डबी काढली, मेणाचा खडा काढला, आणि मग निळ्या दोऱ्याची रिळं बघायला लागले.

गुरुवारी आठला हवेलीत दोघंच होती. चैत्रालीनं कप्पा उघडला, दिवा ओढला. दादासाहेबांनी हातमोजे घातले आणि पुठ्ठ्यावरचा जुना दोरा बोटांत धरून बघितला. दोरा ठिसूळ होता. निघताना अख्खा निघाला, पण परत भोकातनं ओढला तर तुटणार, हे त्यांना हाताला लागल्याबरोबर कळलं. मंगळवारी खुशीत कळलं नव्हतं.

"हा न्हाई चालायचा," ते म्हणाले.

"मग? माझ्याकडे लिनन थ्रेड आहे. रंग बरोबर मॅच केलाय, हे बघा."

तिनं तपकिरी दोऱ्याचं रीळ पुढं केलं. खरोखर हुबेहूब होता. काल दिवसभर तिनं तेच केलं असणार. दादासाहेबांनी खिशातनं स्वतःचं रीळ काढलं आणि शेजारी ठेवलं. निळं.

"हे काय?"

"उसवलेल्या बाजूला दुसऱ्या रंगाचा दोरा घालायचा असतो."

"काका, हे दिसेल."

"दिसाय पायजे म्हणूनच."

"तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणतेय? हे कुणाला कळायला नको आहे."

"समजतंय. तपकिरी दोऱ्यानं मी शिवला तर उद्या कुणी तरी इंग्रज पोरगी येऊन म्हणंल, बघा, दोनशे चाळीस वर्षांमागचा टाका. आन् तो जतच्या बनसोड्याचा. त्या मूळच्या शिंप्याच्या नावावर मी माझं खपवू? त्यानं काय घोडं मारलंय माझं?"

"तो मेलाय, काका. माझं कॉन्ट्रॅक्ट जिवंत आहे."

हे बरोबर होतं. दादासाहेबांनी निळा दोरा मेणावरनं ओढला. तो सुईत ओवायला गेले. चैत्रालीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"निळा नाही."

"मग घालतच न्हाई."

"मग मी घालते."

तिनं सुई घेतली, तपकिरी दोरा ओवला आणि शिवण धरली. तिला शिवण येत होती, शिकलेलीच होती. तीन टाके घातले. दादासाहेब वाकून बघत होते. त्यांनी काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, पण धंदा आडवा आला.

"लई नेटके झाले," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"उजवीकडचं बघ. त्या माणसाचा प्रत्येक पाचवा-सहावा टाका तिरका पडलाय. घाईत हुता, न्हाईतर अंगठ्याला दुखत हुतं. तुझं तीनही एका मापाचं. शेजारी ठेवलं तर आंधळ्याला दिसंल. तिरकं घाल मुद्दाम, पण मग ते मुद्दाम तिरकं दिसंल."

चैत्रालीनं टाक्यांकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. तिला या नजरेचंच शिक्षण दिलं होतं, त्यामुळं तिलाही दिसलं. तिनं सुईनंच तीन टाके उचलून काढले. जुन्या भोकांना काही झालं नव्हतं. मग ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

जिन्यावर बूट वाजले. अजून नऊ झाले नव्हते. हिलरी साठीच्या, उंच, पावसाळी कोट घातलेल्या. लंडनची गाडी लवकर मिळाली होती. त्या आत आल्या, टेबलाकडं बघितलं, आणि कोटाची बटणं काढायच्या थांबल्या.

चैत्राली उठली. तिनं तोंड उघडण्याआधी दादासाहेब बोलले. त्यांचं इंग्रजी दुकानातलं होतं, लहान लहान वाक्यांचं, पण त्यात कधी गोंधळ नसायचा.

"मी उघडलं. मंगळवारी. डावी बाजू. ही पोरगी खोलीत नव्हती."

"खोलीत नव्हती," हिलरी म्हणाल्या. "का नव्हती?"

"खाली गाडी आली होती. खोकी घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. पूर्वी तिथं एक माणूस असायचा. आता नाही."

तो माणूस हिलरींनीच मार्चमध्ये कमी केला होता. त्यांनी कोट खुर्चीवर टाकला, हातमोजे चढवले आणि खाली वाकल्या. बराच वेळ बघितलं. पुठ्ठ्यावरचा दोरा बघितला.

"हा तुम्ही अख्खा काढला?"

"हो."

"कशानं?"

"सुईनं."

"किती वेळ लागला?"

"अर्धा तास. आमच्याकडं असंच करतात. मापाला आलेला कपडा उसवायचा, बघायचा, परत शिवून द्यायचा. मला वाटलं हा मापाला आलाय."

हिलरी सरळ झाल्या. "आणि आता इथं तुम्ही दोघं काय करत होता?"

टेबलावर दोन रिळं होती, तपकिरी आणि निळं. दादासाहेबांनी चैत्रालीकडं बघितलं. या प्रश्नाचं उत्तर त्यांना देता आलं असतं, पण ते त्यांचं नव्हतं.

"आम्ही ते परत शिवणार होतो," चैत्राली म्हणाली. "तुम्हाला न सांगता. मी काकांना बोलावलं. ते म्हणाले, शिवायचं तर दिसेल असं शिवू. मी तीन टाके घातले आणि काढले. फोटो मंगळवारीच काढायला हवे होते, ते मी काढले नाहीत."

"ते आता काढ," हिलरी म्हणाल्या. "आणि मिस्टर बनसोडे, तुम्ही घरी जा. आम्ही कळवू."

कळवायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत दादासाहेबांनी घरातले दुमडलेले पडदे उसवून परत दुमडले. विमलाबाईंनी विचारलं, हे काय चाललंय, तर म्हणाले, कडा वाकड्या होत्या. नव्हत्या. रात्री जेवताना एकदाच म्हणाले, "त्या पोरीचं गेलं तर माझ्यामुळं गेलं." विमलाबाई म्हणाल्या, "गेलं तर तिचंही थोडं हाय त्यात. भात घ्या."

जुलैच्या मध्याला पत्र आलं. दोघांना वेगवेगळं बोलावलं होतं. चैत्राली आधी आत गेली, वीस मिनिटांनी बाहेर आली. दादासाहेब बाकावर बसले होते.

"लेखी ताकीद," ती म्हणाली. "फाइलला राहणार. कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं मिळणार होतं, ते एका वर्षाचं दिलंय."

"म्हंजे ऱ्हायलं."

"वर्षभर राहिलं."

"तू सांगितलंस म्हणून एक दिलं, का सांगितलंस म्हणून दोन कापली?"

चैत्रालीला हसू आलं नाही. "मी पण हेच विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही."

आत हिलरींच्या टेबलावर फॉर्म होता. त्या एकेक रकाना वाचून दाखवत होत्या आणि दादासाहेब मान हलवत होते. वस्तूचा नंबर. तारीख. काय उघडलं. कशानं. कोणत्या क्रमानं. दादासाहेबांनी सांगितलं की एकूण टाके एकशे एक्काहत्तर, त्यातला काखेतला एकोणिसावा दोनदा घातलेला होता. हिलरींनी विचारलं, तुम्ही मोजले? ते म्हणाले, मोजत नाही, बोटं मोजतात. हिलरींनी ते लिहून घेतलं. काखेतले तीन जोड, पट्ट्यांचं कापड, दुमडीतला जांभळा रंग, हेही लिहून घेतलं. हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं, असं त्या म्हणाल्या. बऱ्या आवाजात म्हणाल्या नाहीत, वाईट आवाजातही नाही.

"यापुढं जुन्या वस्तूंच्या खोलीत तुम्हाला येता येणार नाही. बाहेरच्या खोलीत नवं शिवायला येऊ शकता, यायचं असेल तर."

"येतो."

"शेवटचा रकाना. झालेलं नुकसान भरून काढता येण्याजोगं आहे का?" हिलरींनी स्वतःच लिहिलं: नाही.

"आहे," दादासाहेब म्हणाले.

"मिस्टर बनसोडे, ती परत शिवली जाणार नाही. अशीच राहील."

"ते तुमचं. पण येतं का, असं विचारलंय. येतं. शिंपी म्हणतो दहा मिनिटं, असं लिहा खाली."

हिलरींनी पेन हातात धरून त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस चेष्टा करत नाही हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी 'नाही'च्या खाली लहान अक्षरांत लिहिलं: शिंप्याच्या मते, होय; दहा मिनिटे; निळ्या दोऱ्याने.

निळ्या दोऱ्याचं दादासाहेबांनी सांगितलं नव्हतं. ते चैत्रालीनं सांगितलं असणार.

त्यांनी सही केली. चष्मा काढून खिशात ठेवला. खाली बाहेरच्या खोलीत गाइडबाई थांबल्या होत्या, आडव्या बांध्याच्या, मोलकरणीच्या दुप्पट. नव्या बॉडिसेचं कापड येऊन पडलं होतं आणि तेही त्यांच्या अंगाला कमीच पडणार असं दिसत होतं. दादासाहेबांनी ते टेबलावर पसरलं, हाताच्या वितीनं आडवं-उभं मोजलं आणि बेतायला घेतलं.